सैनिकाच्या दप्तरातील एक पान



आपल्या उपनगरांत लष्कर दिसते ते बहुधा कुंपणाच्या भिंतीच्या रूपाने. कांदिवली-मालाडला लष्कराचा मध्यवर्ती शस्त्रसामग्री डेपो आहे, मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर नौदलाचे ‘हमला’ हे प्रशिक्षण केंद्र आहे, घाटकोपरला नौदलाची भांडारे आहेत. या भिंतींवर ‘प्रवेश निषिद्ध’ असे लिहिलेले असते आणि आपण रोज लोकलच्या वेळेकडे डोळे लावून त्यांच्यावरून जातो. याच ओळीतले आणखी एक ठिकाण म्हणजे मानखुर्दच्या चीता कॅम्प भागातील ‘ब्युरो ऑफ सेलर्स’. तेथे तोफा नाहीत की जहाजे नाहीत. तेथे कागद आहेत. भारतीय नौदलातील नाविकांच्या सेवेची नोंद, भरतीच्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत, या कार्यालयात ठेवली जाते. कारवारच्या तळावरील अथवा अंदमानातील नाविकाचे भवितव्य काही अंशी आपल्या घाटकोपर-मानखुर्द रस्त्याच्या टोकाशी असलेल्या फाइलींत बंदिस्त आहे, हे कितीजणांना ठाऊक असते?

भूदलातही अशीच व्यवस्था आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाची नोंद बेळगावला असते, तोफखान्याच्या जवानाची नाशिक रोडला, चिलखती दलाच्या जवानाची अहिल्यानगरला. अधिकाऱ्यांची दप्तरे दिल्लीत मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे असतात. ‘दप्तर’ आणि ‘शेरा’ हे दोन्ही शब्द मराठी राज्यकारभारातले. पुण्याच्या पेशवे दप्तराने इतिहासाचार्यांना जन्मभर पुरेल एवढे काम दिले. आज घराघरांत दप्तर म्हटले की मुलांची शाळेची पिशवी आठवते आणि शेरा म्हटला की प्रगतिपुस्तक. सैनिकाच्या बाबतीत मात्र या शब्दांचा जुना, करडा अर्थ अजून शाबूत आहे.

आजचा विषय या दप्तरातील एका पानाचा आहे. एखाद्या सैनिकाला वाटते की आपल्या नोंदीत एक कागद असा आहे, जो खरा नाही, किंवा ज्याला तेथे राहण्याचा अधिकार नाही. तो कागद काढून टाकावा अशी तो मागणी करतो. तेव्हा नेमके काय घडते? आणि ही मागणी करणारा सैनिक शिस्त मोडतो काय?

प्रथम साध्या जवानाची गोष्ट पाहू. लष्करी कायद्याच्या ८०व्या कलमान्वये कमांडिंग ऑफिसर आपल्या हाताखालच्या जवानाला संक्षिप्त सुनावणीनंतर शिक्षा देऊ शकतो. तीत अठ्ठावीस दिवसांपर्यंतचा कारावासही येतो. शिक्षा वर्तनपत्रकात नोंदवली जाते. गंभीर शिक्षांची नोंद लाल शाईने होते. या ‘लाल शाईच्या नोंदी’ चार झाल्या की जवानाला सेवेतून कमी करण्याचा विचार होऊ शकतो. आता बहुसंख्य वेळा असा अपराध कोणता असतो? रजा संपूनही वेळेवर हजर न होणे. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या खेड्यात आई आजारी आहे, जमिनीच्या बांधाचा तंटा आहे, बहिणीचे लग्न पुढे ढकलले गेले आहे. जवान आठवडाभर उशिरा पोहोचतो आणि एक लाल ओळ लिहिली जाते. लष्कराच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही, कारण सीमेवरच्या ठाण्यात त्या आठ दिवसांत त्याच्या जागी दुसरा कोणीतरी दुहेरी पहारा देत असतो. पण पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे निवृत्तिवेतन हाताशी आलेले असताना जवान घरी पाठवला गेला, तर ती लाल ओळ त्याच्यापुरती राहत नाही. तिची झळ त्याच्या बायकामुलांना लागते.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वीरेंद्रकुमार दुबे या जवानाच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. चार लाल नोंदी झाल्या म्हणजे सेवामुक्ती आपोआप होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. अपराधाचे स्वरूप काय होते, जवानाने किती वर्षे सेवा केली, किती खडतर ठिकाणी केली, निवृत्तिवेतनाच्या किती जवळ तो आला आहे, हे पाहिल्याविना आणि प्राथमिक चौकशीविना नुसती बेरीज करून माणूस बाहेर काढता येणार नाही. हे न्यायालयाने नव्याने शोधून काढले असे नव्हे. सैन्य मुख्यालयाचा डिसेंबर १९८८चा आदेश हेच सांगत होता. लष्कराचा स्वतःचा नियम उदार होता. तो खाली पोहोचेपर्यंत आटला होता, एवढेच.

अधिकाऱ्यांचे दप्तर वेगळे असते आणि त्यातील पीडाही वेगळी. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात गुण दिले जातात ते नवापैकी. नऊ म्हणजे असामान्य, आठ आणि सात म्हणजे सरासरीहून वरचा. त्याखेरीज अधिकाऱ्याचे शब्दचित्र काढायचे असते. हा अहवाल तीन पायऱ्या चढतो. निकटचा वरिष्ठ तो लिहितो, त्याच्या वरचा अधिकारी तपासतो, त्याच्याही वरचा आपले मत जोडतो. पहिल्याने लिहिलेला भाग संबंधित अधिकाऱ्याला सामान्यतः दाखवला जातो. वरच्या दोघांनी काय लिहिले, हे मात्र त्याला कळत नाही. उघड प्रतिकूल शेरा असेल तर तो कळवावा लागतो. परंतु कोणी नवाऐवजी सात दिले, तर सात हा काही प्रतिकूल शेरा नव्हे! कागदावर ती स्तुतीच असते. प्रत्यक्षात कर्नलचा ब्रिगेडियर आणि ब्रिगेडियरचा मेजर जनरल होताना शिडी इतकी अरुंद होते की, त्या एका सातने माणूस जेथल्या तेथे थांबतो. शिवीगाळ न करता, आवाज न चढवता, अत्यंत सभ्य शब्दांत एखाद्याची कारकीर्द संपवता येते. नागरी नोकरीतील श्रोत्यांनाही हा अनुभव सर्वस्वी अपरिचित नसावा.

नागरी नोकरांना या बाबतीत २००८ साली दिलासा मिळाला. सीमा रस्ते संघटनेतील देव दत्त या अभियंत्याला १९९३-९४ या वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीला ‘फार चांगला’ हवा होता. चांगला हा शेरा वाईट नसल्यामुळे तो त्याला कळवलाच गेला नाही आणि पदोन्नती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शेरा कोणताही असो, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. कारण ठाऊक नसलेल्या गोष्टीविरुद्ध दाद मागता येत नाही. याच निकालपत्रात एक ओळ अशी आहे की, हे निर्देश लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाहीत. त्यांची स्थिती वेगळी मानली गेली.

ती वेगळी का मानावी, याला सबळ उत्तर आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. रणांगणावर आज्ञा पाळली जाते ती आज्ञा देणाऱ्याच्या निर्णयशक्तीवरील विश्वासाने. आपण लिहिलेला प्रत्येक गुण उद्या न्यायालयात वाचला जाईल, या भीतीने वरिष्ठ लिहू लागला, तर तो सर्वांना नऊ देईल. सगळेच असामान्य ठरले म्हणजे सेनेचे नेतृत्व कोणाच्या हाती द्यायचे, हे कळण्याचा मार्गच खुंटतो. म्हणूनच न्यायालयांनीही आजवर स्वतः गुण देण्याचे टाळले आहे. गुण देणारा निष्पक्ष होता काय आणि नियम पाळले गेले काय, एवढेच ते पाहतात. ही मर्यादा योग्यच आहे.

पण त्याच सेनेच्या इतिहासात सॅम माणेकशा यांचे उदाहरण आहे. १९६१च्या सुमारास ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना त्यांच्या निष्ठेवरच शंका घेणारे आरोप झाले आणि चौकशी बसली. लेफ्टनंट जनरल दौलतसिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत ते निर्दोष ठरले. मधल्या काळात त्यांची बढती रखडली होती. नोव्हेंबर १९६२मध्ये नेफातील पराभवानंतर त्यांना चौथ्या कोअरचे नेतृत्व मिळाले आणि पुढचे १९७१ सर्वांना ठाऊक आहे. चौकशीचा अध्यक्ष थोडा कमी सरळ माणूस असता तर? अशा वेळी सारे काही एका व्यक्तीच्या सचोटीवर लोंबकळत असते.

आता या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण.

१९९९च्या मे ते जुलै या काळात कारगिलचे युद्ध झाले. बटालिक क्षेत्रात ७० इन्फंट्री ब्रिगेड लढत होती. याच क्षेत्रात खालुबारवर कॅप्टन मनोजकुमार पांडे यांनी प्राणार्पण केले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. त्या ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्याकडे होते. युद्धापूर्वीच्या एका सरावात त्यांनी या भागातून घुसखोरी होऊ शकते असा अंदाज मांडला होता, असे त्यांचे म्हणणे. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूच्या संख्येविषयीचा त्यांचा अंदाजही वरिष्ठांच्या अंदाजाहून कितीतरी मोठा होता. श्रीनगरच्या पंधराव्या कोअरचे तत्कालीन प्रमुख लेफ्टनंट जनरल किशन पाल यांना तो मान्य नव्हता. युद्ध जिंकले गेले. देविंदर सिंग यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. पण गोपनीय अहवालात गुण उतरले आणि मेजर जनरलचे पद दूर राहिले. त्यांची दुसरी तक्रार अधिक खोल होती. युद्धानंतर सिद्ध झालेल्या अधिकृत अहवालात त्यांच्या ब्रिगेडच्या लढाईचा वृत्तांत जसा घडला तसा लिहिला गेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन तक्रारी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली केवळ स्वतःविषयी आहे, असे कोणी म्हणू शकेल: एका अधिकाऱ्याला बढती हवी होती, ती मिळाली नाही, म्हणून तो रुसला. दुसरीबद्दल तसे म्हणता येत नाही. युद्धाचा अधिकृत वृत्तांत सेनेच्या शिक्षणसंस्थांत वाचला जातो. डेहराडूनला, महूला, वेलिंग्टनला बसलेला तरुण अधिकारी उद्याची लढाई त्या पानांवरून शिकतो. कोणाचा इशारा खरा ठरला आणि कोणता अंदाज चुकला, हे त्या पानांत उलटे लिहिले गेले, तर पुढच्या पिढीला चुकीचा धडा मिळेल. आणि ज्याने इशारा दिला त्याचेच गुण कापले गेले, हे पाहिल्यावर पुढच्या हिवाळ्यात बर्फातल्या ठाण्यावरून अप्रिय वार्ता वर पाठवण्याचे धाडस कोण करील? एका माणसाच्या फाइलीतला खोटा कागद आणि राष्ट्राच्या इतिहासातला खोटा परिच्छेद यांमध्ये अंतर फार थोडे असते.

ब्रिगेडियरांनी आधी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दरम्यान संसदेने २००७ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा केला आणि २००९मध्ये न्यायाधिकरण कामाला लागले; प्रकरण तिकडे वर्ग झाले. मे २०१०मध्ये न्यायमूर्ती ए. के. माथूर आणि लेफ्टनंट जनरल एस. एस. ढिल्लों यांच्या पीठाने निर्णय दिला. जनरल पाल यांच्या मूल्यमापनात पूर्वग्रह दिसतो, असे पीठाने म्हटले. त्यांनी लिहिलेला गोपनीय अहवालाचा भाग काढून टाकावा, युद्धाच्या वृत्तांतात दुरुस्ती व्हावी आणि देविंदर सिंग यांच्या पदोन्नतीचा नव्याने विचार व्हावा, असा आदेश झाला. पण तोवर ब्रिगेडियर निवृत्त झाले होते, म्हणून हा विचार कागदोपत्रीच होणार होता. पीठावर एक न्यायाधीश होता आणि एक सेनानी. म्हणजे गणवेशाचे मर्म न जाणणाऱ्या बाहेरच्या माणसांनी हा निर्णय दिला, असेही कोणाला म्हणता येत नाही. ज्यांच्या हाताखाली त्या डोंगरांवर शेकडो जवान लढले, त्या सेनापतीला आपल्याच लढाईचे खरे वर्णन मिळवण्यासाठी अकरा वर्षे झगडावे लागले.

दप्तरातील पानाचा विषय मुलुंडमध्ये निघतो, तेव्हा याच भूमीवरील एक जुनी नोंद आठवल्याशिवाय राहत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रात शाही भारतीय नौदलाच्या नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, वर्णद्वेषी अपमान, तुटपुंजे वेतन ही तात्कालिक कारणे. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांच्या सुटकेची मागणीही त्यांत होती. पाच-सहा दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात ओढले गेले. सरदार पटेलांनी मध्यस्थी केली, कोणावर सूड उगवला जाणार नाही असे आश्वासन दिले गेले आणि नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. आश्वासन इंग्रजांनी पाळले नाही. धरपकड झाली आणि पकडलेल्या अनेकांना येथे, मुलुंडच्या छावणीत कोंडले गेले. फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ज्या परिसरात पुन्हा चूल मांडली, त्याच मुलुंडमध्ये वर्ष-दीड वर्ष आधी हे नाविक काटेरी तारेआड होते. ४७६ नाविक नौदलातून काढले गेले.

पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला. परकीय राजाच्या नोकरीतून देशासाठी बाहेर फेकले गेलेले हे तरुण स्वतंत्र भारताच्या नौदलात परत घेतले जातील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. ते घेतले गेले नाहीत. कारण सांगितले जाते ते शिस्तीचे: एकदा बंड केलेला नाविक पुन्हा जहाजावर नको. या युक्तिवादाला नौदलाच्या दृष्टीने वजन नाही असे नाही. परंतु नोकरीत परत न घेणे निराळे आणि कपाळावरचा डाग तसाच ठेवणे निराळे. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी या उठावाला मान्यता मिळाली ती सत्तरच्या दशकात. उठावाच्या अग्रभागी असलेले बलाईचंद दत्त यांना आधीच सेवेतून कमी केले गेले होते. त्यांनी मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये नोकरी केली. पुढे नौदलाने आपल्या दोन टगबोटींना बी. सी. दत्त आणि मदनसिंग अशी नावे दिली. मोठ्या जहाजाला धक्क्याशी सुखरूप आणणाऱ्या त्या छोट्या, कणखर नौका. ज्याला जहाजावरून उतरवले त्याचे नाव जहाजावर लिहिले गेले. उरलेल्या चारशेंच्या वाट्याला मात्र नौकाही आली नाही.

अलीकडच्या काळात याच प्रश्नाला एक नवी बाजू मिळाली. अल्पकालीन सेवेत घेतलेल्या महिला अधिकाऱ्यांना कायम सेवा द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांचे जुने गोपनीय अहवाल बाहेर काढले गेले. पण ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या महिलांना पुढे कायम सेवा मिळणारच नव्हती. मग लिहिणाऱ्याने गुण काळजीने का द्यावेत? ज्यांची परीक्षाच नाही असे मानले होते, त्यांची जुनी उत्तरपत्रिका काढून त्यांना नापास ठरवण्यासारखेच ते होते. लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या प्रकरणात मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत भेदभावाची ठरवली. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. येथे कोणी खोटे लिहिले नव्हते. निष्काळजीपणे लिहिलेला कागदही तितकाच मारक ठरतो, हे त्यातून दिसले.

आता ज्यांच्या घरातील मुलगा, जावई किंवा सून सेवेत आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. लष्करी कायद्याच्या २६व्या कलमाने जवानाला आणि २७व्या कलमाने अधिकाऱ्याला तक्रारीचा हक्क दिला आहे. तो हक्क कायद्यानेच दिलेला असल्यामुळे तो वापरणे हा बेशिस्तपणा ठरत नाही. बेशिस्त ठरते ती वर्तमानपत्राकडे धावणे, निनावी पत्रे पाठवणे, आमदार-खासदारांची चिठ्ठी आणणे. आपल्या उपनगरांत ही शेवटची सवय फार आहे आणि तिने आजवर जवानांचे भले झाल्याचे दिसत नाही. तक्रार नेमकी असावी: कोणत्या वर्षाचा अहवाल, आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत गुण काय होते, त्याच वर्षी पदक किंवा प्रशस्तिपत्र मिळाले होते काय. नऊ वर्षे एका पातळीवर आणि दहाव्या वर्षी एकाच वरिष्ठाच्या हातून अचानक घसरण, ही विसंगतीच बहुतेक वेळा तो भाग रद्द होण्याचे कारण ठरते.

अंतिम निर्णय हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. तक्रारीला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत जाता येते. विलंबाला पुरेसे कारण दाखवल्यास सवलत मिळू शकते, परंतु ‘निवृत्त झाल्यावर पाहू’ हे पुरेसे कारण नव्हे. न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईतच आहे. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचा मार्ग २०१५च्या एका निकालाने जवळजवळ बंद झाला होता. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो पुन्हा मोकळा केला. त्यामुळे प्रत्येक जवानाला वकिलासाठी दिल्ली गाठण्याची गरज उरलेली नाही. आपला जिल्हा मुंबई उपनगर. त्याचे स्वतंत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथे प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

आणि घरी आलेले कागद जपून ठेवावेत. रजेच्या मंजुरीची चिठ्ठी, रुग्णालयाचे प्रमाणपत्र, आईच्या आजारपणात पाठवलेल्या तारेची पावती, बदलीचा आदेश. तीस वर्षांपूर्वीच्या लाल ओळीवर दाद मागताना समोरच्या बाजूकडे संपूर्ण दप्तर असते आणि जवानाकडे असते ती पत्र्याची एक ट्रंक. त्या ट्रंकेतला एखादा पिवळा पडलेला कागद पुष्कळदा त्याची पत्नीच शोधून काढते.